संध्याकाळची उंची

मुकादम रंगनाथ बोडके यांच्या टोळीतले अकराही हमाल रोज संध्याकाळी बुटके होत होते. बारा ते चौदा मिलिमीटरने. नाशिकच्या कणाभार प्रयोगशाळेतल्या पडद्यावर उरलेल्या तीनशे चार हमालांच्या उंचीच्या रेषा सकाळपासून रात्रीपर्यंत सरळ धावत होत्या. ही अकरा नावं तेवढी उतारावर होती.

कारण शोधायला प्रयोगशाळेतली संशोधक शर्वरी आहेर हिच्याकडे एकच दिवस होता. संध्याकाळी चार वाजता प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. भालचंद्र गोगटे 'पाठराखणी'च्या नव्या आराखड्यावर सही करणार होते, आणि मग ती राज्यभरच्या हमालांच्या अंगावर चढणार होती.

पाठराखण म्हणजे खांद्यापासून टाचांपर्यंतचा हलका सांगाडा. पोत्याचंच नव्हे, धडाचंही वजन तो कण्याला टाळून थेट जमिनीत उतरवी. सहा वर्षांपूर्वी कांदा बाजारातल्या हमालांना तो दिला आणि पाठदुखीच्या तक्रारी थांबल्या. लोक तो घालून जेवत, सायकल चालवत, लग्नाच्या पंगतीत बसत. उतरवत ते फक्त झोपताना. एकसष्ट वर्षांचे गोगटे स्वतः नऊ वर्षं तो घालत होते. मला पाठ आहे हेच मी विसरलोय, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत.

त्यांचा विचार सरळ होता. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यांतलं पाणी बाहेर पडतं आणि माणूस सेंटिमीटरभर बुटका होतो. झोपेत ते पाणी परत आत शिरतं. रोजची ही घट म्हणजे झीज. ती शून्यावर आणली की म्हातारपण कण्यापाशी येऊन थांबेल. पाठराखणीने ती शून्यावर आणली होती.

शर्वरी सकाळी बाजारात पोचली तेव्हा बोडके मुकादमांनी न विचारताच कबुली दिली. सांगाड्याला 'सैल' अशी एक कळ होती. ती ओढली की सगळा भार कण्यावर येई, म्हणून कामाच्या वेळी ती ओढायला मनाई होती. प्रत्येक ट्रॉलीची पहिली अकरा पोती, माणशी एक, ही टोळी कळ सैल करून मोकळ्या पाठीवर घेई. ओलं पोतं थप्पीत खाली गेलं तर वरचीही सडतात आणि टोळीचं नाव जातं, म्हणून ही रीत यंत्राच्या आधीपासूनची. पोतं टाकल्यावर कळ परत ओढायला ते बऱ्याचदा विसरत.

"ओला कांदा पाठीला कळतो ताई, तुमच्या यंत्राला न्हाई," बोडके म्हणाले. "कोरडा माल पाठीवर खडखडतो. ओला निवांत बसतो, सासरी आलेल्या जावयासारखा."

टोळी हसली. शर्वरीही हसली, पण नियम मोडल्याबद्दल या अकरा जणांना प्रयोगातून वगळावं लागणार होतं. त्याआधी त्यांचं किती नुकसान झालं ते तरी पाहावं, म्हणून तिने गाडीतला नवा जलचित्रक सुरू केला. चकतीत पाणी किती उरलंय हे तो दाखवत असे. तुलनेसाठी तिने शेजारच्या टोळीतलेही अकरा जण तपासले.

दुपारी तीन वाजता तिने दोन्ही चित्रं गोगट्यांच्या टेबलावर ठेवली. चोपन्न वर्षांच्या बोडक्यांच्या चकत्या चाळिशीतल्या वाटत होत्या. शेजारच्या टोळीत पस्तिशीतल्या पोरांच्या चकत्या सत्तरीतल्यासारख्या कोरड्या पडल्या होत्या.

"नावं उलटी लागली असतील," गोगटे म्हणाले.

"तीनदा तपासली, सर. चकतीच्या आत रक्तवाहिनी नसते, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग ती जेवते कशी?"

"शेजारच्या हाडातून झिरपतं त्यावर."

"नुसत्या झिरपण्यावर गाभ्याचं भागत नाही. स्पंज दाबला की जुनं पाणी बाहेर, सोडला की ताजं आत. आपण सहा वर्षं तो दाबूच दिला नाही. रोजची घट ही झीज नव्हती, सर. तो तिचा घास होता."

गोगट्यांनी चष्मा काढला. कुणालाच दुखत नाही, हे त्यांनी सांगून पाहिलं. गाभ्यात नसा नाहीत, तो उपाशी आहे हे सांगणार कसा, असं ती म्हणाली. दिवसभर पन्नास किलो वाहून मोडलेल्या पाठींची त्यांनी तिला आठवण करून दिली. ते तिलाही मान्य होतं. अतिभाराने चकती फाटते, शून्य भाराने वाळते. टोळीने नकळत मधली वाट धरली होती. नव्या आराखड्यातून मात्र 'सैल' ही कळच काढून टाकली होती.

गोगट्यांनी चित्रं बाजूला सारली. मग त्यांनी पाठराखणीचे छातीवरचे पट्टे सोडायला सुरुवात केली.

"माझी नऊ वर्षं झाली," ते म्हणाले. "मोज."

जलचित्रक नको म्हणाले. नुसती उंचीच मोज. चकत्यांत पाणी धरायची ताकद उरली असेल तर भार पडल्यावर उंची घटेल. नसेल तर आकडा जागचा हलणार नाही. शर्वरीने उंची मोजली: एकशे एकोणसत्तर सेंटिमीटर, चार मिलिमीटर. मग दोघं आवारात चालायला लागले. पहिल्या फेरीतच गोगट्यांची कंबर भरून आली. बसता का, असं तिने विचारलं तर त्यांनी नुसता हात हलवला. चार वाजले. सहीसाठी आलेला कारकून फाइल घेऊन दारात उभा राहिला, मग पायरीवर बसला. त्यांनी तासभर पूर्ण केला.

ते पट्टीला पाठ लावून उभे राहिले. शर्वरीने आडवी फळी डोक्यावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

"तीन मिलिमीटर, सर."

"कमी?"

"कमी."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं. तुम्ही बुटके झालात, सर."

गोगटे कंबर धरून हसले. तसेच वाकत टेबलापाशी गेले, आराखडा ओढून घेतला आणि कळीची रिकामी जागा पेन्सिलने भरली. खाली लिहिलं: तासातून वीस मिनिटं, आपोआप सैल. कारकुनाने सही कुठे आहे विचारलं तेव्हा ते म्हणाले, ती सहा महिन्यांनी. आधी बोडके मुकादमांना बोलावून घ्या, वीस मिनिटं पुरतात का ते विचारायचं आहे.

पाठराखण खुर्चीवर तशीच राहिली. ते चालत घरी गेले.