भांगाच्या पाण्यात टेकलेली होडी

आगरच्या देवळातली घंटा एकादशीच्या कीर्तनानंतर नाहीशी झाली, आणि द्वादशीच्या दुपारी बायजी डहाणू रोडला जयवंतीबाईंच्या कचेरीत येऊन रडत बसली. तिचा नवरा काकड्या खाडीत होडी चालवतो. रात्री होडी देवळाखालीच बांधलेली, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तोच निघाला. दिवेलागणीपर्यंत घंटा दे, नाहीतर पोलिसांत देतो, असं देवळाच्या मंडळाने त्याला बजावलं होतं.

जयवंतीबाई खासगी तपासाची कामं घेत. मनिष त्यांचा मदतनीस, पण कीर्तन म्हटलं की त्याला कामाची शुद्ध नसे. कालही तो टाळ घेऊन गेला होता. बुवा, साथीदार, पेटी, तबला सगळे काल सकाळच्या भरतीला काकड्याच्याच होडीतून पलीकडे उतरले. रात्री जिथे मन धुऊन निघालं, तिथेच चोरी व्हावी, याने त्याचा जीव खंतावला होता.

दोघं रस्त्याने वळसा घेऊन देवळापाशी खाडीवर पोहोचले तेव्हा ओहोटी लागली होती. आभाळ काळवंडलेलं. मधल्या गाळाच्या पट्ट्यावर होडी अडकली होती. पुढचं टोक चिखलात रुतलेलं, मागचं उचललेलं.

"भांगाचं पानी, बाय," काकड्या मान खाली घालून म्हणाला. "या दिसांत भरतीपन तोकडीच. पन आज मी एकटा, तरी टेकली. गाळ वाढला असंल."

"काल टेकली होती?" बाईंनी मनिषला विचारलं.

"नाही. सरळ आलो."

मंडळाचा प्रविण देवळाशेजारीच राहायचा. त्याने शांतपणे सांगितलं, की होडी अडकल्यावर त्याने स्वतः जाऊन फळ्या उचलून पाहिल्या, आत काही नाही. होडी पुनवेच्या उधाणालाच निघेल, तोवर तिला कुणी हात लावू नये. मनिषला त्याची दया आली. गेल्या पावसात त्याचा शाळकरी मुलगा नितीन याच खाडीत बुडाला होता. शोधणाऱ्यांना काठ कळावा म्हणून तेव्हा रात्रभर देवळातली घंटा वाजत होती.

प्रविणची बायको कविता दारात उभी होती.

"फार भाविक बाई," मनिष परतताना म्हणाला. "काल आरतीला दोन्ही कान धरून देवाची माफी मागत होती."

"धरले होते, की झाकले होते?"

मनिषला नीट आठवेना.

दिवेलागणीला काठावर गाव जमलं. जयवंतीबाईंनी आवाज चढवला नाही.

"एकादशीनंतर पुनवेपर्यंत भरतीचं पाणी रोज चढतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं? काल कमी पाण्यात ही होडी माणसं, पेटी, तबला घेऊन पट्ट्यावरून गेली. आज जास्त पाणी, होडीत एकटा काकड्या, आणि टेकली. रात्रीत एवढा गाळ साचत नाही. माणसं होडीभर पसरून बसतात, आज सगळं ओझं एकट्या पुढच्या टोकाला आहे. म्हणून नाक रुतलं."

"म्हणजे चोर तोच," कुणीतरी म्हणालं.

"एकटा असूनही होडी टेकली, हे चोराने स्वतःहून सांगितलं असतं? त्याला ठाऊकच नव्हतं. फळ्यांखाली काही नाही असं छातीठोक सांगणारा एकच माणूस आहे. होडीला हात लावू नका म्हणणाराही तोच." त्या प्रविणकडे वळल्या. "आजच्या भरतीला घंटा खोल पाण्यात सोडणार होतात ना? काकड्या सकाळीच निघाला, आणि बेत फसला."

प्रविणने आपल्या घराकडे पाहिलं. "ती घंटा वाजली की कविता पाण्याकडे धावते, मॅडम. कान झाकते, तरी धावते. काकड्याला धरलं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं."

चिखल तुडवत चौघे गेले आणि पुढच्या फळ्यांखालून घंटा उचलून घेऊन आले. नेताना वाजू नये म्हणून लोलकाला कापड गुंडाळलेलं होतं. कंदिलाच्या उजेडात मनिषने पाहिलं. शाळेचा लहानसा सदरा होता. कान झाकणं आपण कान धरणं समजलो, या विचाराने त्याला मान वर करवेना.

पोलिसांचं नाव कुणी काढलं नाही. काकड्यानेच घंटा पुन्हा टांगली. लोलकावरच्या सदऱ्याची गाठ सोडायला हात वर गेला, दारातल्या कविताकडे त्याने एकदा पाहिलं, आणि सैल झालेली गाठ पुन्हा आवळली.

त्या सांजेची आरती नुसत्या टाळ्यांवर झाली.