लाल रंगाचा नियम

माझं काम चारचौघांत सांगायची सोय नाही. समोरचा जांभई देतो. लोक वर्डमध्ये वाट्टेल तसं लिहितात आणि मी ते एक्सएमएलमध्ये बसवते, म्हणजे प्रत्येक मजकुराला दोन्ही बाजूंनी लेबल लावते. शीर्षक इथे सुरू, इथे संपलं. परिच्छेद इथे सुरू, इथे संपला. रूपांतर कॉम्प्युटरच करतो, पण कशाला कोणतं लेबल लावायचं ते नियम मी लिहिते. ज्याला नियम नाही, ते गळून पडतं.

आमच्याकडे यंत्रांची माहितीपुस्तकं येतात आणि ती टाइप करणाऱ्यांना रंगांची भारी हौस. कुणी सूचना जांभळी करतो, कुणी स्वतःचं नाव गुलाबी. त्यांना कंटाळून मी ऑफिससाठी नियम केला, की हाताने दिलेला रंग म्हणजे कचरा, सरळ काढून टाका. शब्द तेवढे ठेवा.

माझे बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. निवृत्त झाल्यापासून एका बोटाने आयुष्याची कहाणी टाइप करत होते. फोटो आणि नकाशे घालून घालून फाईल इतकी फुगली की उघडताना कॉम्प्युटर मान टाकायचा. "भवाने, जगाच्या फायली निस्तरतेस, बापाची कोण निस्तरणार?" हे रोज जेवताना ऐकायचं. शेवटी एका रविवारी दुपारी वैतागून मी ती फाईल ऑफिसच्याच नियमांतून काढली. आई गेली ते पान लाल होतं, एवढं ओझरतं दिसलं. बाकीच्या पानांवरही कुठेकुठे रंग होते. आले मोठे चित्रकार, म्हटलं, आणि बटण दाबलं. फाईल हलकी झाली. शब्द एकही हरवला नाही.

चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "झालं हो तुमचं काम. आईचं पान काय सुंदर लिहिलंय."

"हो. हृदय बंद पडून गेली. साखर कमी आहे यात."

एका दमात. मला वाटलं दमले असतील. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आणि त्यानंतरही. डॉक्टरांनी तपासून ठणठणीत म्हणून पाठ थोपटली. आठवण तर शाबूत होती! कुठल्या जहाजावर किती वजन चढवलं, माझा पहिला दात कधी पडला, सगळं सांगायचे, पण विजेचा मीटर वाचून दाखवावा तसं. टोमणे बंद झाले. भवानी म्हणणं बंद झालं. मला त्यांच्या तोंडच्या शिव्या हव्या होत्या हो, आणि ते मला "तुझं जेवण झालं का" एवढंच विचारायचे, तेही वेळेवर.

मी मूळ फाईलची प्रत ठेवतेच. ती उघडली. सगळी पानं काळी. ऑफिसातली जुनी प्रत काढली, तीही काळी. मग आठवलं, आईचं पान त्यांनी छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. दार उघडलं. अक्षरं काळी होती. कागदावरच्या शाईला माझा नियम कुणी सांगितला?

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण नियम बदलून पुन्हा चाचणी घ्यायची मला सवय आहे. आईचं पान मी हाताने लाल केलं आणि नवा नियम लिहिला, की लाल दिसलं की 'शोक' हे लेबल लावा. बटण दाबलं.

पलीकडच्या खोलीतून बाबांचं रडणं ऐकू आलं. कुणाच्या रडण्याने मला इतका आनंद कधी झाला नव्हता. धावत गेले, त्यांना मिठी मारली. आईचं नाव घेऊन ते हमसून हमसून रडत होते.

आणि अर्ध्या हुंदक्यात थांबले.

"पंखा कमी कर," म्हणाले. डोळे कोरडे.

मग तसंच होत राहिलं. आईचा विषय निघाला की रडू सुरू, विषय संपला की बंद. मध्ये उतार नाही, मागे ओल नाही. लेबल उघडलं, लेबल मिटलं.

माझ्याबद्दलची पानं शेवटी होती. त्यांचा रंग मी पाहिलाच नव्हता. एवढी घाई होती मला!

"बाबा, माझ्याबद्दल लिहिलंत ते कुठल्या रंगात होतं?"

त्यांनी खरंच विचार केला. "रंग होता का?"

मी ती पानं हिरवी केली, लेबल दिलं 'माया'. निळी केली, 'लाड'. पिवळी केली, केशरी केली. दर वेळी बटण दाबून वेड्यासारखी हसत त्यांच्या खोलीत जायचे. दर वेळी ते वर बघायचे आणि विचारायचे, "काही हवंय?"

चालणारा नियम एकच होता.

त्या लेबलचं नाव मीच ठेवलं होतं, त्यामुळे मला कळत नव्हतं असं नाही. पण रोज त्या कोरड्या डोळ्यांसमोर ताट वाढून मी पार खचले होते. रडू देत, म्हटलं. पण माझ्यासाठी रडू देत.

माझी पानं लाल केली.

बटण दाबलं.

आतून हुंदका आला.

मी दारात गेले. बाबा खुर्चीत वाकून, तोंडावर हात धरून रडत होते. "फटकळ होती," म्हणत होते, "पण फार मायेची हो पोर. माझ्या आधी जायला नको होती."

"बाबा, मी आहे ना. ही काय इथे."

जवळ बसून त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हात हळूच सोडवून घेतला, डोळे पुसले आणि जरा सावरून बसले.

"तुम्ही तिच्या ऑफिसातल्या का?"