जिथे बाबा थांबले

“दार! आधी दार लावा!”

अशा स्वागताची दंतवैद्य असलेल्या तिला सवय नव्हती. तिच्या दवाखान्यात माणसे दबकत येत आणि ओरडलीच तर खुर्चीवर बसल्यावर ओरडत. इथे मात्र तिने पुस्तकबांधणीच्या दुकानाचे दार उघडले मात्र, तिच्या पाठोपाठ शिरलेल्या वाऱ्याने टेबलावरचे कागद दाही दिशांना उधळले. आणि त्या कागदांमागून एक तरुण, पाखरे धरावीत तसे दोन्ही हात पसरून, धावत आला.

तिने पाठीने दार लोटले. पायाशी आलेला कागद उचलला, आणि पहिल्याच ओळीवर तिची नजर थिजली. बाबांचे पुस्तक!

“हे... हे सुटं का केलंय?”

“सुटं केल्याशिवाय शिवणार कसं? जुना दात काढल्याशिवाय नवा बसवतो का कुणी?”

“कधीकधी बसवतो,” ती म्हणाली. “मी दंतवैद्य आहे.”

तो ओशाळून हसला. हसताना एका गालाला खळी पडत होती. एरवी तिच्या ते ध्यानात आले असते, परंतु ती हातातला कागद उजेडात धरून पाहत होती.

“याचे कोपरे दुमडलेले होते.”

“होते ना! जिकडेतिकडे दुमडलेले. सगळे सरळ केले.” त्याचा चेहरा अभिमानाने फुलला. “ओलसर फडकं, वर कोमट इस्त्री. बघा, एक तरी राहिलाय का?”

एकही राहिला नव्हता.

तिच्या वडिलांची दृष्टी शेवटच्या वर्षांत मंदावली होती. दवाखाना बंद करून ती घरी येई, दिवा लावी आणि त्यांना ही कादंबरी वाचून दाखवी. एका नावाड्याची गोष्ट होती. रागाने पैलतीरी निघून गेलेल्या धाकट्या भावाची तो आयुष्यभर वाट पाहतो. मन भरले की बाबा म्हणत, “थांब. आज एवढंच.” मग हात पुढे करीत, बोटांनी चाचपून पानाचा कोपरा स्वतः दुमडीत आणि उद्या काय घडेल त्याचे भाकीत करीत. अशाच एका संध्याकाळी त्यांनी कोपरा दुमडला, आणि दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ त्यांच्या वाट्याला आली नाही.

त्या संध्याकाळचे बाबांचे हात तिला लख्ख आठवत. गोष्टीत काय चालले होते, ते मात्र काही केल्या आठवेना. शोकाची अशी तऱ्हा असते. तो नको ते जपतो आणि हवे ते विसरायला लावतो. पुस्तकाची पाने निखळू लागली तेव्हा तिने ते या दुकानात, गल्ल्यावर बसलेल्या, त्या तरुणाच्या आत्याबाईंच्या हाती सोपवले. तिच्या मनाशी एक निश्चय होता. पुस्तक शिवून आले की आरंभापासून वाचायचे, बाबांच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. त्यांनी न ऐकलेली एकही ओळ आपण वाचायची नाही. तिथेच थांबायचे, कायमचे.

“तुम्ही माझ्या बाबांना पुसून टाकलंत,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो अधिक लागला.

“काय करून ठेवलंस रे, दिवट्या?” आतून चिकटवायच्या खळीचे भांडे घेऊन आलेल्या आत्याबाईंनी भाच्याला विचारले.

सारे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने एकेक पान खिडकीशी तिरपे धरून पाहिले. दुमडल्याच्या पुसट रेघा दिसत होत्या. पण दर चार-सहा पानांवर एक. पुस्तक जुन्या बाजारातले होते; आधीच्या वाचकाने दुमडून पुन्हा उलगडलेल्या कोपऱ्यांच्या रेघाही शेवटपर्यंत होत्या.

“ऐका,” तो खाली मान घालून म्हणाला. “अजून काही शिवलेलं नाही. ही घडी घातलेल्या पानांची जुडी, हिला आम्ही फर्मा म्हणतो. तुम्ही इथं येऊन एकेक फर्मा वाचा. वाचून झाला की मी तो शिवेन. जिथं ओळखीचं संपेल तिथं सुई थांबवू. त्यापुढं माझा एक टाकाही पडणार नाही. शब्द देतो.”

“आणि नाहीच सापडलं?”

“तर... माझा एक धडधाकट दात उपटा.”

“एकच?” ती म्हणाली. हसली मात्र नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी येऊ लागली. आरंभी ती शब्दाशब्दावर अडखळली. परंतु चार ओळी पुढे गेल्या, आणि शब्दांच्या मागोमाग बाबा येऊन बसले.

“इथं बाबा म्हणाले होते, हा नावाडी लबाड आहे. वाट बघत नाही, वाट बघायचं सोंग करतो.”

तो खदखदून हसला. “तुमच्या बाबांशी माझं छान जमलं असतं.”

“त्यांचं तुमच्याशी जमलं नसतं. इस्त्रीची माणसं त्यांना आवडत नसत.”

“अजून राग आहे?”

“दात काढल्यावर दुखतं काही दिवस.”

“औषध?”

“बोलणं कमी करायचं,” ती म्हणाली आणि पान उलटले. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले होते, आणि ते त्याने टिपले होते.

आत्याबाईंनीही टिपले. “सुई कागदात घाल रे,” त्या म्हणाल्या, “बोटात नको.”

उजवीकडचे शिवलेले पुस्तक वाढत होते, डावीकडची चवड उतरत होती. आणि दवाखान्यातून निघताना ती रोज स्वतःला विचारी, आज ते पान येईल? ते आले की बाबा पुन्हा एकदा संपतील, ही एक भीती. आणि या दुकानात येण्याचे निमित्तही संपेल, ही दुसरी. ही दुसरी आपलीच आहे, हे तिला स्वतःशीसुद्धा कबूल करवत नव्हते.

“मधेच थांबणार म्हणतेस?” आत्याबाईंनी एकदा सहज विचारले. “आमचे हे गेले, तेव्हा त्यांच्या शर्टाचं एक बटण लावायचं राहिलं होतं. वर्षभर तसाच ठेवला. मग लावलं.”

“मग?”

“मग काय? शर्टाला बटण लागलं. हा काय, ह्या दिवट्याच्या अंगात आहे.”

त्या संध्याकाळी गोष्ट ऐन भरात आली होती. धाकटा भाऊ पैलतीरी परतला होता आणि हाका मारीत होता. नावाडी ऐलतीरी खुंटाला बांधलेल्या होडीपाशी दगडासारखा बसून होता.

“जायलाच हवं त्यानं!” ती वाचता वाचता थांबून म्हणाली.

“नाही जाणार. मानी आहे.”

“एवढी वर्षं मग कुणासाठी बसला होता?”

“बसायची सवय झाली म्हणून. वाट बघणाऱ्याला कधीकधी माणूस आलेलाच परवडत नाही.”

“भलतंच! बाबा असते तर तुम्हाला चांगलं...”

ती अडखळली. बाबा इथे काय म्हणाले होते? तिने आठवून पाहिले. काहीच नाही. भावाच्या परतण्यावर? काही नाही. त्याआधीच्या पुरावर? तिथेही नाही. तिच्या हातातली पाने खाली आली.

“आपण... पुढं आलोय.”

त्याची सुई थबकली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पुराचं प्रकरण लागलं, तेव्हापासून बाबा काही बोललेले नाहीत,” तो हळूच म्हणाला.

आत्याबाई उठल्या, खळीचे भांडे उचलून निमूटपणे आत गेल्या. वाऱ्याने खिडकीचे तावदान खडखडत होते.

“शब्द दिला होतात तुम्ही.”

“दिला होता... मोडला.”

“का?”

“पूर आला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मला विचारलंत, ‘तुम्हाला काय वाटतं, पुढं काय होईल?’ तोवर तुम्ही फक्त त्यांचं सांगत होतात. मला कळलं, की ते पान मागं राहिलं. पण सांगितलं असतं, तर तुम्ही उठून गेला असता... आणि परत आला नसता.”

“म्हणजे स्वार्थ.”

“हो. निव्वळ.” त्याने टेबलावरची पातळ सुरी उचलली. “म्हणाल तर आत्ता उसवतो, पुरापर्यंत. तिथं पुस्तकाची पाठ बांधून देतो, पुढचे फर्मे माझ्याकडंच राहतील. मी केलेलं मीच निस्तरीन.”

सुरीचे पाते दोऱ्यावर टेकले. एक झटका, आणि तिने मागितले होते ते सारे तिला मिळणार होते: बाबांच्या पानाशी संपणारे पुस्तक.

ती त्या ताणलेल्या दोऱ्याकडे पाहत राहिली. बाबांनी कोपरा का दुमडला होता? थांबायचे म्हणून? एकही संध्याकाळ ते थांबण्यासाठी थांबले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती उंबरठ्यात पाऊल टाकते न टाकते तोच विचारीत, “चल, माझं भाकीत खरं ठरलं का बघू.” तो कोपरा त्यांनी उद्यासाठी दुमडला होता. आणि ती, त्यांची लेक, तो उद्या कुलपात घालून बसायला निघाली होती.

तिने त्याचे मनगट धरले.

“नका उसवू.”

सुरी तिथेच राहिली. तिचा हातही.

“रागावला नाहीत?”

“रागावले आहे. खूप.” तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवले नाहीत. “पण तो तुमचा स्वार्थ...”

“त्याचं काय?”

“तो... मलाही आहे.”

त्याने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि एरवी चुरुचुरु चालणारी ती जीभ ऐन वेळी टाळ्याला चिकटली.

“बंद करा,” ती रडता रडता हसली. “दात दिसताहेत सगळे.” मग तिने पुढचा फर्मा त्याच्यासमोर सरकवला. “आज तुम्ही वाचा. मला ऐकायचंय.”

“माझं वाचणं म्हणजे खडीवरून गाडी!”

“चालेल.”

तो वाचू लागला. अडखळत, जोडाक्षरांना ठेचकाळत. ती भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून ऐकत राहिली. कुणीतरी आपल्यासाठी वाचते आहे, हे सुख तिच्या बाबांना रोज मिळाले होते. ते केवढे होते, हे तिला आज कळले. पैलतीरावरून तिसरी हाक आली. नावाडी उठला, खुंटाशी वाकला...

“सोडली का रे त्यानं होडी?” आतून आत्याबाईंनी विचारले.

बाहेरच्या दोघांनाही ते अजून ठाऊक नव्हते. त्याने पान उलटले.