कॉम्प्युटररावांची दाढ

गालावर हात धरून तो दारात उभा राहिला, तेव्हा त्रिवेणीनं मान वर न करताच बोट छताकडे केलं. "डेंटिस्ट वरच्या मजल्यावर."

"दाढेचं नंतर बघतो मॅडम. आधी वकील पाहिजे."

आता मात्र तिनं पाहिलं... आणि अगं बाई, सुजलेल्या गालासकट माणूस बरा दिसत होता की!

हा संदेश, राहणार तारनाका, हैदराबाद. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ नव्या कायद्यानं बंद झाले आणि तो जिथं काम करायचा ती रमीची कंपनी बसली. मग त्यानं एकट्यानं सोंगट्यांचा खेळ बनवला. पैसा नाही, पैज नाही, समोर खेळायला नुसता कॉम्प्युटर. हा खेळ कायद्यात बसतो असं वकिलानं लिहून दिलं, तरच एक कंपनी तो बाजारात आणणार होती. नाहीतर वर्षाची मेहनत पाण्यात!

काचीगुड्यातलं ते ऑफिस इंदुताईंचं. त्यांनी काम आपल्या ज्युनिअरच्या गळ्यात घातलं. "त्रिवेणी, स्वतः खेळून बघ. खोट असेल तर हुडकून काढ."

त्रिवेणी रोज दुपारी खेळू लागली. पण हा कॉम्प्युटर भलताच लाघवी निघाला! तिची सोंगटी मारायची वेळ आली की उगाच रेंगाळायचा. हरला की चॅटमध्ये लिहायचा, "हौ, मान गया." यंत्राला एवढी अदब आली कुठून? तिला राहवेना. यंत्रच ते, कुणाला सांगणार, म्हणून एकदा तिनं लिहूनही टाकलं – "कॉम्प्युटरराव, तुम्हाला बनवणाऱ्याचे डोळे फार छान आहेत हं!"

कॉम्प्युटरनं चक्क भलतीच सोंगटी हलवली.

त्रिवेणीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

शुक्रवारी संदेश जिन्यात भेटला, दाढ काढायला निघालेला. आणि नेमका त्याच दुपारी कॉम्प्युटर मुका! ती फोन घेऊन ताडताड वर गेली. बाकावर संदेश बसला होता, तोंडात कापसाचा बोळा. तिनं शेजारी बसून दान टाकलं. त्याच्या खिशात फोन टुणकन वाजला.

"म्हणजे... तुम्ही?"

बोलता येईना, म्हणून बिचाऱ्यानं टाइप केलं – "कॉम्प्युटरचा भाग अर्धाच झाला होता. पहिल्या दिवशी वेळ निभावायला त्याच्या जागी मीच खेळायला बसलो. मग उठवेना."

"लोक यंत्राला माणूस म्हणून खपवतात. तुम्ही माणसाला यंत्र म्हणून खपवलंत! आणि मी तिथं काय काय लिहिलं..." तिचे कान तापले.

"डोळ्यांचं? स्क्रीनशॉट ठेवलाय."

"पुसा तो!"

"नक्को."

तिला हसू आवरेना. मग तिनं ओढणी सारखी केली, आणि गंभीर झाली. "संदेश, मी तुम्हाला मत लिहून देऊ शकत नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "गेला माझा खेळ," त्यानं टाइप केलं.

"नाही हो. खरा कॉम्प्युटर बसवा, इंदुताई तपासून मत देतील."

"मग तुम्ही का नाही?"

ती खाली बघत राहिली. "ज्या कामात वकिलाचा स्वतःचा जीव गुंतला... त्यात त्यानं मत द्यायचं नसतं."

संदेशनं तोंडातला बोळाच काढला. "फुन्हा थांगा!"

"अहो, बोलू नका म्हटलं ना!" डेंटिस्ट आतून ओरडले.

त्रिवेणीनं फोन उचलला आणि हळूच टाइप केलं –

"आता तुझं दान."