मीटरवाले मास्तर स्मृती पुरस्कार

"जरा फॉर्म भरून देता का? चष्मा घरी राहिलाय."

दवाखान्याच्या रांगेत शेजारच्या माणसाला मी हे वाक्य सफाईनं टाकलं. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि असली वाक्यं मला तोंडपाठ होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, स्वतःचा चष्मा काढून पुढे केला.

"हा लावून बघा."

आता आली का पंचाईत. मी चष्मा चढवला, कागदाकडे गंभीरपणे पाहिलं. "तुमचा नंबर वेगळा दिसतोय."

"असेल. शिवाय कागद उलटा धरलाय तुम्ही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण तो हसला नाही. "द्या, मी भरतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी सहाला वर्ग असतो. या."

"आणि नाही आले तर?"

"तर नका येऊ… पण चष्मा तेवढा द्या. मला आत्ता तुमचा चेहरासुद्धा दिसत नाहीये."

मी गेले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करायची. अंगाला वाफेचा वास यायचा. वर्गात पहारेकरी होता, दोन ड्रायव्हर, एक भाजीवाली आजी. तो घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरायचा, म्हणून सगळे त्याला मीटरवाले मास्तर म्हणायचे. "दिवसा आकडे वाचतो, संध्याकाळी माणसं," असं तो म्हणायचा.

मी ओळ वाचताना तो अक्षराखाली बोट ठेवायचा. माझं बोट त्याच्या बोटामागून सरकायचं, एका अक्षराचं अंतर राखून. एकदा मी मुद्दाम भरभर वाचलं. बोटं टेकली. तो थांबला.

"पुढचं अक्षर?" मी विचारलं.

"विसरलो," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. आजी खुदकन हसली.

दोन वर्षं अशीच गेली. साक्षरता परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी सगळे निघाले तरी मी फळा पुसत रेंगाळले.

"परवा पेपर झाला की तुला एक विचारायचंय," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"आत्ताच विचारा ना."

"आत्ता नको. मास्तरांना नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणशील. पेपर झाला की मी मास्तर नाही, तू विद्यार्थिनी नाही… मग विचारीन."

"मी तुम्हाला कधी घाबरलेय?"

"नाही. मीच घाबरतो."

रविवारी पेपर सोपा गेला. मी सगळं लिहिलं, मागच्या पानावरसुद्धा. बाहेर आले, बोटांना शाई तशीच. तो फाटकाशी उभा असेल असं वाटलं होतं. तिथे ग्रंथपालबाई होत्या. त्यांनी माझा हात धरला.

सकाळी सातला, पेनांचा खोका घेऊन परीक्षेला आमच्याकडेच येताना, वळणावर टेम्पोनं त्याच्या सायकलला उडवलं होतं. तो जागीच गेला. बाईंना पेपर सुरू व्हायच्या आधीच कळलं होतं. आमची दोन वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून त्या तीन तास तोंड मिटून बसल्या. मी पुढं सहा महिने त्यांच्याशी बोलले नाही. मग एकदा वाटलं, ते तीन तास बाई एकट्याच होत्या. त्या दिवशी जाऊन त्यांच्याशेजारी बसले.

मी पास झाले. वर्ग बंद पडायला आला तेव्हा खडू मी हातात घेतला. सुरुवातीला अक्षरं रडत रडत शिकवली, नंतर नुसती शिकवली. पहारेकऱ्यानं पुढाकार घेऊन पुरस्कार सुरू केला, प्रौढांना चिकाटीनं शिकवणाऱ्यासाठी. पाटीवर मास्तरचं खरं नाव घालायचं ठरलं, तर आजी म्हणाली, "त्या नावानं त्याला ओळखतंय कोण?"

सहाव्या वर्षी पुरस्कार मला मिळाला. द्यायला मास्तरची आई आली होती. वाकलेली, सुती साडीतली. त्याच्या डोळ्यांची. कार्यक्रम संपल्यावर तिनं मला खुर्चीशी बोलावलं.

"काय लिहिलंय गं यावर?"

मी वाचून दाखवलं. ती पाटीवरून तळवा फिरवत राहिली.

"जगाला शिकवलं त्यानं. मला रोज म्हणायचा, आई, बस दहा मिनिटं. मी म्हणायचे, भांडी पडलीत." तिनं पदरानं पाटी पुसली. "जायच्या आदल्या रात्री जेवताना म्हणाला, उद्या एका मुलीला घरी आणतो. म्हटलं, ती हो म्हणाली का? तर म्हणे, अजून विचारलंच नाही. असला वेडा. कोण, कुठली, विचारायचं राहिलं बघ. सहा वर्षं तेच मनात येतं. तिला कुणी सांगितलं तरी असेल का…"

आजवर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आई… ती मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. खुर्च्या उचलायला आलेली माणसं मागं फिरली.

पुरस्कार मी तिच्याच घरी ठेवला. आता दर रविवारी दुपारी तिच्याकडे जाते. भांडी आधी मी घासून टाकते, म्हणजे सबब उरत नाही. लिहायच्या पाटीवर तिची रेघ वाकडी जाते, 'म'ला पोट येत नाही, आणि दर ओळीला ती एकदा तरी डोळे पुसते. तरी बसते.

मागच्या रविवारी शेजारीण दारातून डोकावली. "कोण हो ही? हल्ली सारखी येते?"

आईनं पाटीवरून मान वर केली नाही.

"सून आहे माझी," ती म्हणाली, आणि पुढचं अक्षर काढायला घेतलं.