जमिनीवरचा कंदील

हे खरं घडलंय. पटत नसेल तर सोलापुरात साखर पेठेत जा आणि संगप्पाचा उजवा हात बघा. मनगटाच्या पुढे काही नाही.

साल १९७४. गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली. थंडीची संध्याकाळ, दिवे लागायची वेळ...

संगप्पा सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, पण वेड हलत्या चित्रांचं. जत्रेतल्या तंबू सिनेमासाठी तो छोटं कार्टून करत होता. कुऱ्हाड घेऊन येणारा राक्षस, बस्स. एकामागून एक कागद काढायचे, गठ्ठा अंगठ्याखालून भराभर सोडायचा, की राक्षस चालू लागायचा.

चालायचा, पण मढ्यासारखा. जत्रेत लोक हसतील या विचाराने संगप्पाला घास जाईना.

मग त्याने धाकट्या भावाला, भीमाला, समोर उभं केलं. भीमा तालमीतला गडी. लाकडी कुऱ्हाडीने वजन दिसेना म्हणून हातात खरी दिली. कंदील जमिनीवर ठेवला.

सावली थेट आढ्याला गेली.

“डावा खांदा पाड. आता उजवी टाच उचल. मग घाव.”

“अण्णा, असं कोण कुऱ्हाड मारतंय? कुणाचं बघून सांगतोयस?”

“कुणाचं न्हाय. तू कर की.”

धडधडीत खोटं. मंगळवेढ्याच्या एका खळ्यावर कोंडीबा नावाच्या माणसाने सख्ख्या भावाला कुऱ्हाडीने तोडलं, ते संगप्पाने कडब्याच्या गंजीआडून पाहिलं होतं. तिथेही कंदील असाच जमिनीवर होता. कोंडीबा डाव्या पायाने लंगडा, म्हणून आधी डावा खांदा पडायचा. पुढे तो तुरुंगात मेला. त्या मेलेल्याची लकब या शहाण्याने आपल्या भावाच्या अंगात घातली. कशासाठी, तर चित्रासाठी.

गठ्ठा पूर्ण झाला. राक्षस असा अंगावर आला, की संगप्पाची बायको दानम्मा मागे सरकली.

“जाळा ते. लई वंगाळ दिसतंय.”

संगप्पा खुशीत हसला. कंदील विझवून खाली बसला.

अंधार...

फर्रर्र.

गठ्ठा कुणीतरी सोडला. संगप्पाचे दोन्ही हात तर मांडीवर होते.

फर्रर्र... पुन्हा.

मग पावलं. एक टेकलेलं. एक ओढलेलं.

“भीमा?”

त्याचा श्वास ऐकू येईना.

आणि खालून उजेड आला. कंदील विझलेलाच होता. तरी जमिनीतून तो पिवळा उजेड... आणि आढ्यावर सावली.

तिचा डावा खांदा पडला.

टाच उचलली.

“भीमा, मी हाय रं...” संगप्पाने हात आडवा धरला.

हाड फुटल्याचा आवाज झाला. रक्त कागदांवर उडालं, दानम्माच्या तोंडावर उडालं. पंजा खाली पडला, तरी बोटं हलत होती.

सावलीने पुन्हा खांदा पाडला. दुसरा घाव संगप्पाच्या कानाला चाटून भिंतीत बसला.

दानम्माने गठ्ठा उचलला आणि चुलीत राखेखालच्या निखाऱ्यांत कोंबला. तेव्हा कुठे उजेड गेला. भीमा धाडकन कोसळला.

“अण्णा... काय झालं?”

त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात संगप्पाने सांगितलं, कडबा तोडताना लागलं. भावावर त्याने आळ येऊ दिला नाही. पण त्या घरात आजही दिवा जमिनीवर ठेवत नाहीत. दिवाळीच्या पणत्यासुद्धा भिंतीवर.

भीमाला पुढे मुलगी झाली, काशम्मा. घरात कुऱ्हाड नाही, तिने कधी पाहिलीही नाही. परवा ती उखळात शेंगाचटणी कुटायला उभी राहिली. संगप्पा समोर बसला होता.

तिने मुसळ धरलं. डावा खांदा पडला. मग उजवी टाच उचलली...

संगप्पाने उरलेला हात पाठीमागे घेतला.