उलट्या टाक्यांचं शीड

“हा टाका माझा नव्हे!”

अक्काच्या तोंडून हे शब्द निघाले आणि हातातली जाड सुई जागच्या जागी थांबली. माडीवरच्या त्या लांबरुंद खोलीत जमिनीवर एका मोठ्या होडीचं शीड अंथरलेलं होतं. अक्का त्याच्या काठाशी मांडी घालून बसली होती, आणि चहाचा पेला घेऊन दाराशी आलेली तिची भावजय होती तिथेच खिळली होती.

“काय झालं, अक्का?”

“इकडे ये. हे बघ. माझे टाके कुठे झुकतात? उजवीकडे. जन्मभर उजवीकडेच झुकत आलेत. आणि हे कोपऱ्यातले वीतभर टाके?... डावीकडे! हे काय रात्रीतून कूस बदलून झोपले?”

“शीड जुनं आहे... आधी कुणीतरी शिवलं असेल.”

“दोरा नवा आहे,” अक्का थंडपणे म्हणाली. “मेणाचा वाससुद्धा गेलेला नाही अजून.”

चहा खाली ठेवून भावजय निघून गेली, आणि जाताना तिने आपले दोन्ही हात बगलेत दडवले. थंडीचे दिवस होते, कुणीही दडवले असते. पण अक्काच्या नजरेतून ते सुटलं नाही. एकदा संशयाचा खडा मनात पडला, की माणसाच्या शिंकेतही कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटू लागतं!

त्या बंदरात शिडं शिवणारे दोघंच. एक अक्का, आणि दुसरा पलीकडच्या धक्क्यावरचा डावरा. सगळा गाव त्याला डावराच म्हणे. तो डाव्या हाताने शिवायचा, म्हणून त्याचे टाके उलटे झुकायचे. सुई धरायला तो याच माडीवर, अक्काच्या वडिलांच्या हाताखाली शिकला होता. वडील गेले त्या हिवाळ्यात तो अक्काला म्हणाला होता, “तू जा पाण्यावर. तुझा जीव तिथे आहे. दुकानात मी बसतो.” झालं! ‘दुकानात मी बसतो’ म्हणजे काय? आज बसेल, उद्या पाय पसरेल, परवा आम्हालाच जिना दाखवील! अक्काने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. तेव्हापासून दोन धक्क्यांमध्ये बोलणं नव्हतं.

वडील असताना हिवाळा म्हणजे सुखाचा सण होता. थंडी पडली की गावच्या होड्या ओढून किनाऱ्यावर घेत आणि फाटकी शिडं दुरुस्तीला माडीवर येऊन पडत. वर्षाचं सगळं काम त्या दिवसांतच. पण वडील दुपार झाली की सुई खाली ठेवायचे. “उन्हाळ्यात समुद्र गावाचा, हिवाळ्यात आपला,” असं म्हणायचे आणि लेकीला घेऊन आपली लहानशी होडी पाण्यात ढकलायचे. स्वच्छ, कोरडा वारा, काचेसारखं पाणी, गालांना झोंबणारी हवा, आणि सुकाणूवर अक्काचा लहानसा हात... त्या आठवणीनेसुद्धा तिचं अंतःकरण व्याकूळ होई.

आई आधीच गेलेली, मग वडीलही गेले, आणि कडेवरचा भाऊ उरला. अक्काने त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. तिला पाहायला आलेले पाहुणे चहा पिऊन गेले तेव्हा ती शिडांत गुडघ्यापर्यंत बुडालेली होती. “यंदा वेळ नाही. पुढच्या हिवाळ्यात बघू,” असं ती म्हणायची, होडीबद्दलही आणि पाहुण्यांबद्दलही. पाहुणे यायचे थांबले. होडी मात्र घरामागे मेणकापडाखाली वाट पाहत पडून राहिली.

आणि आता हा उलटा टाका!

जेवणं आटोपल्यावर समोरच्या इस्त्रीवालीने जिन्याखालूनच हाक मारली. गावातली कुठलीही बातमी तिच्या इस्त्रीखालून गेल्याशिवाय गुळगुळीत होत नसे.

“काय अक्का, होडी विकायला काढलीस म्हणे?”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? तुझा धाकटा काल मागे मेणकापड काढून बसला होता. सोबत सुतार. दोघं मिळून लाकूड ठोकून बघत होते. गिऱ्हाईक असल्याशिवाय कुणी ठोकून बघतं का?” मग आवाज खाली आणत ती म्हणाली, “आणि सूनबाई रोज या वेळेला गाठोडं घेऊन पलीकडच्या धक्क्यावर जातात. डावऱ्याच्या शेडमध्ये. मला काय करायचंय म्हणा! मी आपली माझी इस्त्री बघते.”

“इस्त्री बघतेस की रस्ता?” अक्का फटकन म्हणाली.

आता सगळं जुळलं. धाकटा हल्ली सारखं म्हणायचा, “अक्का, तू दमतेस. आता जरा आराम कर.” आराम! आवळा देऊन कोहळा काढायचा म्हणतात तो हाच! दुकान डावऱ्याच्या घशात घालायचं, बापाची होडी विकायची, आणि म्हातारीला कोपऱ्यात बसवून दोन वेळचं वाढायचं. ज्याला कडेवर घेऊन शिडं शिवली, त्या भावाने? कुंपणानेच शेत खावं?

अक्काने सुई खाली ठेवली. हिवाळ्याच्या भरदुपारी, समोर शिडांचा ढीग असताना, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच!

बंदराच्या कडेने ती चालत सुटली. वारा समुद्राकडून येत होता, पण तिने मान वळवली नाही. डावऱ्याच्या शेडचं दार तिने धाडकन उघडलं.

आत भावजय जमिनीवर बसली होती. मांडीवर शिडाचा तुकडा, तळहाताला चामड्याची पट्टी, आणि अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर, पांढऱ्या केसांचा डावरा. तो डाव्या हाताने टाका घाली, आणि त्याच्याकडे बघत भावजय उजव्या हाताने तसाच टाका घालू पाही. आरशात पाहून भांग पाडणाऱ्या माणसासारखी तिची ओढाताण चालली होती.

“माझ्या घरात राहून माझीच मुळं कापतेस?” अक्का दारातूनच ओरडली. “काय कमी केलं गं तुम्हाला? सांग ना! दुकान कधी द्यायचं ठरलंय याला?”

“अक्का, तसं नाही हो...”

“मग कसं? माझ्या शिडावर याचे टाके आले कुठून?”

“ते माझे आहेत!” भावजय एकदम रडत उठली. “काल रात्री तुम्ही झोपलात ना, तेव्हा मी घातले. तुमच्या नजरेतून ते सुटले असते तर संध्याकाळी तुम्हाला सांगणार होते, की मला जमलं! पण तुम्ही वीतभर तुकडासुद्धा सोडत नाही...”

अक्काने तिचा तो शिडाचा तुकडा उचलून टाके पाहिले.

“शिकायचं होतं तर मला विचारायचं.”

“विचारलं नाही का? लग्न होऊन आले तेव्हापासून विचारतेय! सुईला हात लावला की तुम्ही म्हणता, ठेव, तुला जमायचं नाही, हे माझंच काम. मग मी कुणाकडे जाणार? गावात दुसरं आहे कोण?” तिने डोळे पुसले. तिच्या बोटांची टोकं सुईने चाळणीसारखी झाली होती. “घरी यांनी होडी दुरुस्त करायला घेतलीय, तुमच्यासाठी. हे म्हणाले, अक्काला एकदा तरी हिवाळ्यात पाण्यावर न्यायचं. पण अक्काला वेळ नाही. मी म्हटलं, वेळ काय बाजारात मिळतो? अक्कांची सुई कुणीतरी धरली तरच त्यांना वेळ मिळेल ना!”

डावरा इतका वेळ मान खाली घालून होता. आता तो हळूच म्हणाला, “मी तिला सांगितलं होतं, की माझ्याकडे शिकलीस तर पकडली जाशील. माझा टाका अक्का अंधारात हाताने ओळखील.” मग जरा थांबून म्हणाला, “त्या वेळी मीसुद्धा एवढंच म्हणत होतो गं. दुसरं काही नव्हतं मनात.”

इतक्या हिवाळ्यांचा राग उरात धरून ठेवला, आणि आत बघावं तर काहीच नाही! पण मन एवढ्यात कुठलं मानतंय? जळलं मेलं ते संशयाचं खूळ, सवयच झाली होती त्याची. “घरी चल,” एवढंच ती भावजयीला म्हणाली आणि पुढे चालू लागली.

घरामागे धाकटा होडीला रंग देत होता. बहिणीचा चेहरा बघून त्याने कुंचला खाली ठेवला.

“कळलं वाटतं?”

“मला विचारायची पद्धत नाही का या घरात?”

“विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

“वेळ नाही म्हणाले असते! नाहीच आहे वेळ!”

“अक्का,” धाकटा तिच्याजवळ आला. “रागावू नकोस, पण तुला वेळ नाही असं नाही. तुला तो नको आहे. मी मोठा झालो, मिळवता झालो, तरी तू एक टाका कुणाला दिला नाहीस. का गं?”

ती होडीच्या काठावर मटकन बसली. आणि मग जे तिने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं, ते हुंदक्याबरोबर बाहेर आलं.

“मी एक दुपार उठून गेले... आणि इथलं सगळं नीट चाललं... माझ्यावाचून काही अडलं नाही, तर? मग मी कोण रे या घरात? माझं सगळं आयुष्य त्या शिडांखाली गेलं, आणि ते कुणालाही जमण्यासारखं होतं, असं कळलं तर मी काय करू?”

धाकट्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. तो तिच्या पायांशी बसला, लहानपणी बसायचा तसा.

“मला कडेवर घेणं कुणाला जमलं असतं?” तो म्हणाला. “आणि अडेल की! तू नसलीस तर आम्हाला शिव्या कोण देणार?”

“गाढवा!” अक्का रडता रडता म्हणाली, आणि भावजयीला पहिल्यांदाच मोकळेपणी हसू आलं.

रंग वाळला त्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. अक्काने भावजयीला शिडाच्या मधोमध बसवलं, दहा सूचना दिल्या, त्यातल्या निम्म्या दोनदा दिल्या, आणि जिना उतरताना दोनदा वळून पाहिलं. उलटा तर उलटा, टाका घट्ट आहे, असं तिने मनाला बजावलं. तरी तिची नजर संशयीच होती. बघू, बघू!

पण होडी धक्क्यापासून सुटली, शिडात वारा भरला, सुकाणू तळहाताखाली थरथरलं, आणि अक्काच्या घशातून एक असा आवाज निघाला, की धाकट्याने दचकून पाहिलं. ती हसत होती! गार पाण्याचे तुषार तोंडावर घेत, केस विस्कटून ती हसत होती, आणि तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या जणू वाऱ्याने पुसून टाकल्या होत्या.

होडी बंदराच्या तोंडाशी आली तेव्हा तिने वळून घराकडे पाहिलं. माडीची खिडकी उघडी होती. आत एक मान खाली झुकलेली दिसत होती, एक हात वर येत होता, दोरा ओढत होता, खाली जात होता... इतक्या लांबून चेहरा ओळखू येत नव्हता. तिथे अक्का स्वतःच बसली आहे, असं कुणालाही वाटलं असतं.

तिचं हसू विरलं. तिने सुकाणू वळवलं.

“अगं, एवढा छान वारा आहे! परत कुठे निघालीस?” धाकटा ओरडला. “संशय आला वाटतं टाक्यांचा?”

“गप बस. शीड सांभाळ.”

होडी धक्क्याला लागली. खिडकीखाली उभी राहून अक्काने हाक मारली, “ए! ठेव ती सुई! खाली ये!”

भावजयीचा घाबरा चेहरा खिडकीत आला. “काय चुकलं, अक्का?”

“काही नाही चुकलं. होडीत बस.”

“पण हे शीड अर्धं राहिलंय... लोक न्यायला येतील...”

“येऊ देत.”

“आणि मला पोहता येत नाही हो!”

“मला तरी कुठे येतं? चल लवकर, ऊन उतरेल.”

भावजय धावत खाली आली. धाकट्याने हात देऊन तिला होडीत घेतलं. ती डोळे मिटून दोन्ही हातांनी काठ धरून बसली, आणि अक्काने आपली शाल तिच्या खांद्यांवर टाकली. समोरची इस्त्रीवाली इस्त्री तशीच सोडून धक्क्यावर आली होती.

“अगं अक्का, दुकान उघडं टाकून तिघंही चाललात? अन् तिथे बसणार कोण?”

“डावऱ्याला निरोप दे,” सुकाणू हाती घेत अक्का म्हणाली. “म्हणावं, अक्का पाण्यावर गेलीय. दुकानात येऊन बस.”

“डावऱ्याला? तुझ्या दुकानात?... अन् परत उठलाच नाही तर?”

“नाही उठला तर चहा दे त्याला,” अक्का म्हणाली, आणि तिने होडी वाऱ्यात घातली.